उसने गुलाब

दसरा झाला की आमच्या कॉलनीत कात्र्या बाहेर पडतात. पाऊस उघडलेला असतो, ऊन टोचायला लागलेलं असतं, आणि निवृत्त मंडळी डोक्याला रुमाल बांधून आपापल्या कुंपणाशी गुलाबासमोर उभी राहतात. "किती डोळे ठेवायचे हो, मावशी?" असं दरवर्षी कुणीतरी मला विचारतंच. मी जुन्या नाशिकची, म्हणजे मला गुलाबातलं कळणारच, असा त्यांचा समज आहे. समज खरा आहे, पण मी सांगत नाही. "मला नाही बाई कळत त्यातलं काही," म्हणते आणि भाजीची पिशवी सावरत पुढं निघते. मागून कुणीतरी हळूच म्हणतं, "म्हातारी खडूस आहे." तेही खरं आहे.

छाटलेल्या ओल्या फांदीला एक वास असतो. फुलाशी त्याचा काही संबंध नाही. हिरवा, जरासा तुरट, कच्चा पेरू दातानं फोडल्यावर येतो तसा. तो नाकात शिरला की मी आमच्या बोळातल्या घराच्या मागच्या पायरीवर जाऊन बसते, दोन वेण्या घातलेली, गुडघ्यावर पाटी घेतलेली. बालपण आठवलं की लोकांचा गळा दाटून येतो म्हणे. माझ्या कपाळाची शीर उडायला लागते. इतकी वर्षं झाली, हा राग काही उतरला नाही, आणि आता या वयात तो उतरवून तरी काय करायचं आहे?

आमचं घर लहानसं, कौलारू. पुढं ओटा, मधे दोन खोल्या, मागं स्वयंपाकघर आणि त्याच्या मागं भिंतींनी वेढलेलं अंगण. अण्णा, म्हणजे माझे वडील, शाळेत मास्तर होते. अक्षर सुरेख, इंग्रजी उत्तम, आणि आपल्यापेक्षा वरच्या माणसासमोर उभे राहिले की दोन्ही हात आपोआप पोटावर येऊन बसत. घरात कधी ओरडले नाहीत, कुणावर हात उगारला नाही. अण्णा वाईट नव्हते. हे वाक्य मी आजवर इतक्या वेळा स्वतःशी म्हटलं आहे की आता त्यातला अर्थच झिजून गेला आहे.

आणि आई. आईच्या तोंडी 'माझं' हा शब्द नव्हता. घर 'ह्यांचं' होतं. भांडी सासूबाईंची होती, देव सासऱ्यांचे होते, आणि मीसुद्धा 'ह्यांची मुलगी' होते. शेजारणी विचारत, "ही तुमची थोरली का?" तर आई म्हणायची, "हो, ह्यांची थोरली." तिला त्यात काही वेगळं वाटत नसे. फक्त अंगणातल्या डझनभर झाडांविषयी बोलताना तिची जीभ वेगळी चाले. "माझ्या गुलाबांना पाणी घालून येते." "माझ्या गुलाबांवर मावा पडलाय." कानाला इतकं चमत्कारिक वाटे ते! एखाद्या मुक्या माणसानं सहज गाण्याची ओळ म्हणावी तसं.

गुलाब म्हणजे हल्ली दुकानात मिळतात ते लांब दांड्याचे, बिनवासाचे, कागदात गुंडाळलेले नव्हेत. गावठी गुलाब. फिका गुलाबी, पाकळ्या विसविशीत, हातात घेतला तर दुपारपर्यंत मान टाकणारा. पण वास असा की पहाटे आई फुलं खुडायला मागचं दार उघडी तेव्हा मधल्या खोलीत झोपलेल्या आम्हाला उजाडल्याचं नाकानं कळे. त्यातलं पहिलं कलम दिलं होतं अमीनाबीनं. अमीनाबी बोळाच्या पलीकडच्या मोहल्ल्यात राहायची. तिचा नवरा अत्तराची पेटी घेऊन गावोगाव फिरे, आणि ती घरी बसून गुलकंद करी. आईच्या गुलाबांच्या पाकळ्या तिच्या ओच्यात जात आणि उन्हाळ्यात तिच्या गच्चीवर काचेच्या बरण्यांतून तांबूस होत बसत. पावसाच्या तोंडाला एक बरणी आमच्याकडे येई. सोवळ्याओवळ्याचे दिवस होते, पण गुलकंद विस्तवावर शिजत नाही, उन्हात होतो, म्हणून तो चालतो, असं आईचं शास्त्र होतं. ऊन काय कुणा एकाच्या घरचं आहे, असं ती म्हणे. अण्णा त्यावर काही बोलत नसत, कारण गुलकंद त्यांनाही आवडत असे.

ती एकोणीसशे तिसानंतरची वर्षं होती. सकाळी प्रभातफेऱ्या निघत, वर्गातली मोठी मुलं अधूनमधून गायब होत आणि तुरुंगातून वजन घटवून परत येत. अण्णांकडेही एक खादीचा सदरा होता, तो रविवारी अंगात घालायचा. अशा दिवसांत गावात बातमी आली की लाटसाहेब येणार. एका व्यापाऱ्यानं वडिलांच्या स्मरणार्थ गावाबाहेर मुरमाड माळावर एक मोठा हॉल बांधला होता, त्याचं उद्घाटन करायला. दिवाळी झाली की लगेच. स्वागत समिती नेमली गेली. तिचे प्रमुख होते एक वकील, त्यांना सगळं गाव भाऊसाहेब म्हणे. हेच भाऊसाहेब अण्णांच्या शाळेच्या चालक मंडळींतही होते, आणि शाळेचे हेडमास्तर येत्या उन्हाळ्यात निवृत्त व्हायचे होते. एवढं सांगितलं की पुढचं बरंचसं सांगावं लागू नये.

हॉल झोकात झाला होता, पण भोवती नुसता माळ. गवताची काडी नाही. लाटसाहेबाला उतरल्याबरोबर मुरूम दिसणार, याची समितीला लाज वाटली. बाग लावायला दिवस कुठले? तेव्हा कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं की बाग लावायची नाही, उचलून आणायची. गावात घरोघरी झाडं आहेत. ज्याच्याकडे जे उत्तम असेल ते त्यानं आठ दिवसांपुरतं समितीला द्यावं. समारंभ झाला की झाडं घरपोच. आणि प्रत्येक झाडापाशी देणाऱ्याच्या नावाची पत्र्याची पाटी लागेल.

त्या पाटीनं गाव खुळावलं. एरवी शेजाऱ्याला देवासाठी दोन फुलं देताना हात आखडणारी माणसं झाडं घेऊन धावली. कुणी अबोलीचे वाफेच्या वाफे दिले. कुणी केळ दिली, घडासकट. एका सद्गृहस्थांच्या घरी औषधालासुद्धा झाड नव्हतं, त्यांनी पंचवटीच्या बाजारातून शेवंतीच्या चार कुंड्या विकत आणल्या आणि रात्रभर आपल्या ओट्यावर ठेवून मग समितीकडे पोचवल्या. पाटी खोटी लागायला नको ना! आज हसू येतं. तेव्हाही आलं असतं, पण पाळी आमच्यावर आली होती.

आई दरवर्षी दसऱ्यानंतर गुलाब छाटायची. तिची एक जुनी कात्री होती, ती आधी दगडावर घासून, खोबरेल लावून ठेवायची. त्या सकाळी ती पदर खोचून पहिल्या झाडाशी उभी राहिली आणि अण्णा मागच्या दारात आले.

"छाटू नकोस," अण्णा म्हणाले.

"का हो?"

"समितीला द्यायचेत. फुलांवर हवेत."

आईला आधी कळलंच नाही. मग ती म्हणाली, "अहो, आता नाही छाटले तर वर्ष जातं त्यांचं. आणि ह्या उन्हात, फुलावरचं झाड उपटायचं? जगेल का ते?"

"आठ दिवसांचा तर प्रश्न आहे. भाऊसाहेब स्वतः म्हणाले, मास्तर, तुमचे गुलाब आले नाहीत तर बागेला शोभा नाही."

"भाऊसाहेबांनी माझे गुलाब कधी पाहिले?"

अण्णांनी उपरण्याची घडी नीट केली. भाऊसाहेबांनी गुलाब पाहिले नव्हते. अण्णांनीच जाऊन सांगितलं होतं. आईच्या हे त्याच क्षणी ध्यानात आलं. तिनं कात्री पुसली आणि फळीवर ठेवून दिली.

अमीनाबीकडेही समितीची माणसं गेली होती. तिच्या दारात मोगऱ्याचा जुना वेल होता, अख्खा मोहल्ला ज्याच्या वासावर झोपे. तिनं त्यांना दारातूनच वाटेला लावलं. दुपारी आमच्याकडे येऊन पायरीवर बसली ती तणतणतच.

"वैनी, झाड म्हंजे काय टांगा हाय का, भाड्यानं द्यायला? सायबाला फुलं बघायची तर माझ्या दारात ये म्हणावं. मी नाय म्हणणार नाय, बसायला खाट टाकीन."

आई हसली नाही.

"तू पण नाय म्हण ना," अमीनाबी म्हणाली.

"मी काय म्हणू? मला कुणी विचारलंच नाही," आई म्हणाली.

दिवाळीच्या आधी दोन मजूर कुदळी घेऊन आले. सकाळचीच वेळ, पण ऊन भाजत होतं. मजुरांचा काही दोष नव्हता, त्यांना दिवसाला अनेक घरं उरकायची होती. पहिल्यानं सरळ खोडाशीच कुदळ उगारली, तोच आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. परक्या पुरुषांसमोर ती एरवी यायची नाही. अण्णा ओट्यावर समितीच्या माणसाशी बोलत होते, त्यांना मागून आईचा आवाज ऐकू आला आणि त्यांचा चेहरा पडला.

"हात लावू नका," आई म्हणाली. "मी काढते."

आणि तिनं काढले. आदल्या दिवशीच तिनं झाडांना पोटभर पाणी दिलं होतं, माती लोण्यासारखी झाली होती. हातभर अंतर ठेवून भोवती चर खणायचा, खालून हळूहळू मोकळं करायचं, मुळांभोवतीचा मातीचा गोळा न फुटू देता ओल्या गोणपाटात उचलायचा आणि सुतळीनं बांधायचा. मी पायरीवरून पाहत होते. ज्यांना वरून सहज दिसणार नाही अशा खालच्या कळ्या ती नखानं खुडून टाकत होती, झाडाला तेवढाच भार कमी. वरची फुलं तशीच ठेवली, कारण समितीला फुलं हवी होती. काटे दंडापर्यंत ओरखडत होते, घामानं कुंकू फरफटलं होतं. एक मजूर दुसऱ्याला म्हणाला, "बाई लय जपून काढती रं, जणू तान्ह्याला उचलती." दुसरा म्हणाला, "गप, बैलं ताटकळली." आईनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. शेवटी तिनं खड्ड्यांतली माती टोपल्यांत भरली आणि म्हणाली, ही पण न्या, त्या माळावर काही नाही. गाडीवान हसला. माती कुणी पाहुणचाराला पाठवतं का? पण घेऊन गेला.

ही जी माया तिनं त्या सकाळी केली, तीच पुढं तिच्या मुळावर आली. ते मी सांगणार आहे, पण आधी लाटसाहेब येऊन जाऊ द्या.

लाटसाहेब आले. अण्णा अल्पाकाचा कोट आणि पागोटं घालून तिसऱ्या रांगेत उभे होते. खादीचा सदरा त्या दिवशी खुंटीवर होता. बागेला खरोखरच शोभा आली होती म्हणे, माळ ओळखू येत नव्हता. पाट्या ओळीनं लागल्या होत्या. आमच्या गुलाबांपाशीही होती, अण्णांचं पूर्ण नाव, खाली हुद्दा, त्याखाली 'यांजकडून'. साहेबांनी हॉल उघडला, दोन शब्द बोलले, चहा घेतला आणि मोटारीत बसले. पण जाता जाता मडम वाकली आणि तिनं एका फुलाचा वास घेतला. ते फूल आमच्या झाडाचं होतं! अण्णा घरी आले ते उंबऱ्यापासूनच सांगत आले. मडमेनं वास घेतला, डोळे मिटले, साहेबाला काहीतरी म्हणाली. भाऊसाहेबांनी लगेच वळून अण्णांकडे पाहिलं.

आईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "झाडांना पाणी कोण घालतंय?"

आठ दिवस झाले. झाडं आली नाहीत. पंधरा दिवसांनी अण्णा म्हणाले, समिती म्हणते आता लगेच पुन्हा हलवली तर मरतील, जरा धरू द्या. हे बोलणं चुकीचं नव्हतं, आईलाही ते पटलं, आणि म्हणूनच तिची फसगत झाली. थंडी पडली. माळावरची एकेक झाडं मान टाकू लागली. केळ आधी गेली, मग अबोली, मग बाजारातून आणलेली शेवंती. उपटून मुरमात खुपसलेली झाडं जगणार कशी? ज्यांची मेली त्यांनी दोन दिवस हळहळ केली आणि नव्या कुंड्या आणल्या. पाट्या मात्र पुष्कळ दिवस उभ्या होत्या, वाळक्या काटक्यांपुढं थोरामोठ्यांची नावं.

आमचे गुलाब जगले. मातीच्या गोळ्यासकट गेले होते, स्वतःच्या मातीत बसले होते, एकाचंही पान गळलं नाही. मजुरांनी खोडावर कुदळ घातली असती तर ते मेले असते, आई चार दिवस रडली असती आणि अमीनाबीकडून नवी कलमं आणून तिनं पुन्हा सुरुवात केली असती. पण ते जगले. आणि सगळ्या बागेत तेवढेच जगले म्हणून समिती ते परत द्यायला तयार होईना. "आता ती सार्वजनिक बाग झाली," भाऊसाहेब अण्णांना म्हणाले. "तुमच्या गुलाबांवर तर ती उभी आहे, मास्तर. तुमचं नाव आहे तिथं." अण्णांनी हात पोटावर घेतले असणार. मी तिथं नव्हते, पण घेतले असणारच.

"तुम्ही जाऊन मागा," आई म्हणाली.

"दिलेलं परत मागायचं? लोक काय म्हणतील?"

"दिलेलं नव्हतं हो. नेलेलं होतं."

"शब्दांचा कीस काढू नकोस," अण्णा म्हणाले. पण ते आईच्या डोळ्याला डोळा देत नव्हते, आणि उन्हाळा जवळ येत होता, हेडमास्तरांची खुर्ची रिकामी व्हायची होती. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक असून त्याविषयी एक शब्द बोलला जात नसे. अशी शांतता ज्या घरात असते तिथं भांड्यांचा आवाज फार मोठा येतो.

शेवटी आई स्वतः गेली, अमीनाबीला बरोबर घेऊन. मी मागं. हॉलच्या फाटकाशी एक रखवालदार बसला होता, विडी विझवून उठला. अमीनाबीच पुढं होऊन म्हणाली, "ही झाडं ह्या वैनींची हायत. न्यायला आलोय."

त्यानं पाटी पाहिली. वाचता येत नसावं, पण तिच्यावर काय लिहिलंय ते त्याला माहीत होतं. "बाई, हे मास्तरांचं झाड. मास्तरांना पाठवा. बाईमाणसाच्या सांगण्यावर मी हात लावू दिला तर उद्या माझी भाकर जाईल."

त्याच्यावर मी कधीच रागावले नाही. तो बरोबर होता. ती झाडं आईनं लावली, वाढवली, उपटून दिली, आणि जगात कुठंही असा एक कागद, एक पत्रा, एक माणूस नव्हता जो म्हणेल की ती तिची आहेत. अमीनाबी म्हणत होती, पण अमीनाबीचं कोण ऐकणार?

तो हॉल अजून आहे. हल्ली तिथं लग्नं होतात. जिथं बाग होती तिथं डांबर घालून मोटारी उभ्या करतात. मागं एका भाचीच्या लग्नाला गेले होते, तर कुणीतरी दारात माझ्या अंगावर गुलाबपाणी शिंपडलं. बाटलीतलं, स्वस्त, घसा धरणारं. यजमानीणबाईंना वाटलं म्हातारीला दमा आहे, त्यांनी मला पंख्याखाली बसवलं. बरं झालं, जेवण लवकर मिळालं.

अंगणात खड्डे राहिले होते. डझनभर खड्डे, भिंतीच्या कडेनं. आईनं ते बुजवू दिले नाहीत. उलट त्यांत शेणखत घाली, चुलीतली राख घाली, कडुनिंबाचा वाळका पाला घाली. माती तयार ठेवायची, झाडं आली की लगेच बसवता येतील. पुढच्या पावसाळ्यात ते पाण्यानं भरले, बेडूक ओरडायला लागले, शेजारी डासांची तक्रार करायला लागले. एकदा पहाटे संडासाकडे जाताना अण्णांचा पाय एका खड्ड्यात गेला आणि घोटा सुजला.

"बुजवून टाकू ते आता," अण्णा कळवळून म्हणाले.

"मग झाडं आली की काय करायचं?" आई म्हणाली, आणि त्यांच्या पायाला आंबेहळद लावायला बसली.

त्या पावसाआधीच्या उन्हाळ्यात आई सोमवारी देवदर्शनाला म्हणून कळशी घेऊन निघे. आम्हाला वाटे पंचवटीत कपालेश्वराला जाते. एकदा मी मागोमाग गेले तर ती नदीकडे न वळता माळाकडे चाललेली. फाटकाबाहेरूनच तिनं रखवालदाराला कळशी दिली आणि त्यानं ती गुलाबांना ओतली. इतका लांबचा रस्ता, एवढं ऊन, आणि डझनभर झाडांना एक कळशी पाणी! मला तेव्हा तिची दया आली नाही, चीड आली. आजही येते. दुसऱ्यानं लुबाडलेली वस्तू वाळू नये म्हणून आपण पाणी घालायला जायचं, हे बायकांना कोण शिकवतं?

जूनमध्ये अण्णा हेडमास्तर झाले. मी मॅट्रिक झाले ती त्या खुर्चीच्या जोरावर. हे लिहायला मला आवडत नाही, पण लिहिलं नाही तर हिशेब अर्धा राहील. त्या दिवशी पेढे आणले होते. आईनं देवापुढं ठेवले, सगळ्यांना वाटले, अमीनाबीकडे माझ्या हाती पाठवले. अमीनाबीनं पेढा हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाली, "तुझ्या आईला सांग, गोड हाय." मग तो तसाच पोरांना देऊन टाकला.

पुन्हा दसरा आला. गुलाब छाटले नव्हते, वाढून रानटी झाले होते, फांद्या फाटकाबाहेर आल्या होत्या. आईनं अण्णांना एवढंच विचारलं की मला छाटायला तरी जाऊ द्याल का. हेडमास्तरांच्या बायकोनं सार्वजनिक बागेत कात्री घेऊन उभं राहायचं? अण्णांनी भाऊसाहेबांना सुचवून बघतो म्हटलं. समितीनं एक माळी लावला आणि त्यानं बरे छाटले म्हणे. थंडीत झाडं फुलांनी लवली.

संक्रांतीनंतर हॉलमध्ये बायकांचं हळदीकुंकू झालं. भाऊसाहेबांच्या पत्नी, त्यांना सगळ्या वहिनीसाहेब म्हणत, मधोमध खुर्चीवर. आईला पुढच्या रांगेत जागा होती, आता ती हेडमास्तरीणबाई होती. तिनं लग्नातला शालू नेसला होता. मी तिच्या शेजारी. तिळगूळ झाला, अत्तर झालं, आणि मग एका परातीत फुलं आली. फिकी गुलाबी, विसविशीत. परात अजून चार हात लांब होती तोवर मला उजाडल्यासारखं वाटलं. मी आईकडे पाहिलं. ती समोर बघत होती.

वहिनीसाहेब एकेकीला फूल देत आमच्यापाशी आल्या. आईच्या हातावर फूल ठेवून म्हणाल्या, "घ्या. आमच्या बागेतलं हो."

"छान आहे," आई म्हणाली. मग तिनं विचारलं, अगदी सहज, एका बाईनं दुसरीला लोणच्याची कृती विचारावी तसं, "कलमं कुठून आणलीत?"

"पुण्याहून मागवली," वहिनीसाहेब म्हणाल्या.

त्यांना खोटं बोलायचं होतं असं मला वाटत नाही. त्यांना खरोखर कुणीतरी तसंच सांगितलं असावं, किंवा कुणी काहीच सांगितलं नसावं आणि चांगली वस्तू पुण्याहूनच येते एवढं त्यांना माहीत असावं. पाटी तोवर गंजून पडली होती. मला वाटलं, आता आई बोलेल. आता तरी बोलेल. मी तिचा पदर ओढला. तिनं माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की बांगडी रुतली.

"तरीच," आई म्हणाली.

आणि ते फूल तिनं डोक्यात घातलं, कारण हळदीकुंकवाला मिळालेलं फूल हातात घेऊन बसत नाहीत.

दुसऱ्या दिवशी अण्णा शाळेला निघाले होते. पागोटं डोक्यावर चढवत असताना आई दारात येऊन म्हणाली, "मागं फरशी घालून घ्या. सगळ्या अंगणात. धुणं, पापड, कुरडया, सगळ्याला बरं पडेल."

अण्णा थांबले. "आणि खड्डे?"

"ते आधी बुजवावे लागतीलच ना," आई म्हणाली.

अण्णांचा चेहरा कसा मोकळा झाला ते मला अजून दिसतं. वर्षभर त्यांच्याही उरावर काहीतरी बसलं होतं, ते कुणीतरी अलगद उचलून बाजूला ठेवलं. त्याच आठवड्यात गवंडी आला. शहाबादी फरशी, भिंतीपासून भिंतीपर्यंत, सांधे चुन्यानं भरलेले, बोट जाईल एवढीसुद्धा माती उघडी नाही. लग्न होऊन या घरात आल्यापासून आईनं अण्णांपाशी काही मागावं आणि ते तिला ताबडतोब मिळावं, असं ते एकदाच घडलं.